गाडीच्या काचेबाहेरचा मेक्सिको

दोन उंडगी पोरं, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी मोठी एक बाई आणि मेक्सिको सिटीहून वाहाकाच्या समुद्राकडे निघालेली गाडी. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनच्या २००१ सालच्या ‘ई तू मामा ताम्बिएन’ या सिनेमाची गोष्ट वरवर एवढीच. लोकांनी चर्चा केली ती त्यातल्या उघड्या शरीरांची. पण निम्मा सिनेमा गाडीच्या काचेबाहेर घडतो. रस्त्यात माणसांना अडवून झडती घेणारे बंदूकधारी पोलीस दिसतात. बसखाली सापडलेला एक गवंडी दिसतो. पादचारी पूल इतका दूर बांधलाय की तो धावतच रस्ता ओलांडत होता. ७१ वर्षं सत्तेत बसलेला पक्ष निवडणूक हरला, हेही निवेदक जाता जाता सांगून मोकळा होतो. इथलं राजकारण भाषणांत नाही, चौकटीच्या कोपऱ्यात आहे.

डीव्हीडीवर नेमका हा कोपराच मार खातो. अमेरिकी डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ४८०, म्हणजे साडेतीन लाखांहून थोडे कमी पिक्सेल; हाय डेफिनिशनमध्ये ते वीस लाखांच्या वर जातात. सहापट. तरी पिक्सेल ही अर्धीच गोष्ट. डिस्कवर प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच बहुतांशी नोंदवतात. स्थिर कॅमेऱ्यासमोरची भिंत त्यामुळे जवळपास फुकटात साठते. छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेस्की मात्र कॅमेरा हातात धरून फिरतो, तोही बऱ्याचदा धावत्या गाडीत. क्षणोक्षणी सगळंच बदलतं. डीव्हीडीला चित्रासाठी सेकंदाला एक कोटी बिटसुद्धा पुरवता येत नाहीत. हाय डेफिनिशनवाल्या ब्लू-रे डिस्कला चित्रासाठी चार कोटींपर्यंत मुभा असते. बिट कमी पडले की आधी बारीकसारीक पोत जातो: झाडांची पानं, लांबचे चेहरे, भिंतीवरची अक्षरं. थोडक्यात, मेक्सिको.

निगेटिव्हवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्मवर, हे सगळं होतंच. ३५ मिमी फिल्म, वाइड लेन्स आणि भरपूर ऊन असलं की पुढचा चेहरा आणि मागचं शेत दोन्ही स्पष्ट उमटतात. शिवाय रंगीत निगेटिव्ह उजेडाच्या बाबतीत मोठ्या पोटाची असते. गाडीतला अंधार आणि बाहेरचं रणरणतं ऊन ती एकाच वेळी टिपते, साध्या व्हिडिओत मात्र खिडकी पांढरीफटक होते. २०१४ साली निवडक सिनेमे डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने २के दर्जाची (रुंदीत साधारण दोन हजार पिक्सेल) नवी आवृत्ती काढली. देखरेखीला खुद्द लुबेस्की होता आणि क्वारोनची संमती होती. ते गरजेचंच होतं, कारण खिडकीबाहेर किती दिसू द्यायचं याचा निर्णय यंत्र घेऊ शकत नाही.

ग्रेनचा, म्हणजे फिल्मवर दिसणाऱ्या दाण्यांचा, घोळ वेगळाच. फिल्म धुताना प्रकाश लागलेल्या चांदीच्या स्फटिकांभोवती रंगाचे इवलेसे ढग तयार होतात, नंतर चांदी काढून टाकतात. हे ढग म्हणजेच चित्र. त्यांना कचरा समजून सॉफ्टवेअरने फार घासलं की माणसं मेणाची दिसायला लागतात. मला विचाराल तर त्यापेक्षा दाणेदार चित्र शंभरदा परवडलं.

खरा कचरा ओळखायची एक युक्ती मात्र फार सुरेख आहे. फिल्मवरचे रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांना जवळजवळ पारदर्शक असतात, धुळीचा कण मात्र ते अडवतो. म्हणून काही स्कॅनर प्रत्येक चित्र अवरक्त प्रकाशातही टिपतात. त्यात दृश्य नाहीसं होतं आणि काळे ठिपके तेवढे उरतात. वाहाकाच्या रस्त्यावर उडालेली धूळ रंगांनी काढलेली, म्हणून ती वाचते. रिळावर बसलेली धूळ पकडली जाते.

दुसरी पद्धत म्हणजे एकाच चित्रात आलेला आणि पुढच्या चित्रात गायब झालेला डाग शोधणं. स्थिर दृश्यात ती छान चालते. पण धावत्या गाडीच्या काचेसमोरून सुर्रकन गेलेला किडा किंवा समोरच्या टपावर लखकन चमकलेलं ऊनसुद्धा एकाच चित्रापुरतं असतं. सॉफ्टवेअर तेही पुसायला धावतं. मग कुणीतरी पडद्यासमोर बसून एकेक चित्र मागेपुढे करत ठरवायचं, हा डाग होता की किडा.