४० ज्यूलची शिदोरी

एक किलो साखरेची पिशवी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, म्हणजे साधारण ४ मीटरवरून खाली पडली, तर जमिनीला टेकताना तिच्यात ४० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. ४५ पौंड ओढीच्या, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढ्या वजनाइतका जोर लागणाऱ्या साध्या धनुष्यातून सुटलेल्या बाणातही तेवढीच असते. बाणाचं वजन ५०० ग्रेन, म्हणजे ३२ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ५० मीटर धरला, तर शाळेतल्या सूत्राने हेच उत्तर येतं. (ग्रेन हे जुनं माप आहे. एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन बसतात आणि तिरंदाज अजून त्यातच बोलतात.)

अमेरिकेत कप्प्या असलेलं आधुनिक कंपाउंड धनुष्य बाजूला ठेवून लाँगबो (सरळ, लांब धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेऊन हरणाच्या मागे जाणारे बरेच शिकारी आहेत. त्यांचा सगळा कारभार या ४० ज्यूलवर चालतो. हरणासाठी वापरल्या जाणाऱ्या .३०८ रायफलच्या गोळीत साडेतीन हजार ज्यूल असतात. सशासारख्या लहान जनावरांवर झाडल्या जाणाऱ्या .२२ च्या चिमुकल्या गोळीतही १४० च्या आसपास असतात. म्हणजे बाण त्या चिमुकलीपुढेही गरीबच. पण वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग काढून पाहा. त्या गोळीचा ०.८६ भरतो आणि बाणाचा १.६, जवळजवळ दुप्पट. रायफलची गोळी धक्क्याने मांस फाडते. बाणाकडे तसा धक्का नसतोच. तो हळू येतो, पण लवकर थांबत नाही आणि जाताना कापत जातो. हे कापण्याचं काम टोकाला बसवलेल्या रुंद, धारदार पात्याचं, ज्याला ब्रॉडहेड म्हणतात. महाभारतातल्या बाणांच्या नावांत ‘क्षुरप्र’ हे एक नाव भेटतं. क्षुर म्हणजे वस्तरा. कल्पना जुनीच आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे या पात्याची खरेदी आपल्याला करायची नाही. पण ते निवडताना जे भौतिकशास्त्र पणाला लागतं, ते रोज आपल्या स्वयंपाकघरात घडत असतं.

विळीवर टोमॅटो चिरताना आपण तो पात्यावर नुसता दाबत नाही, पुढे सरकवत दाबतो. विळीचं पातं वक्र असल्यामुळे हे सरकणं आपोआप साधतं. नुसता दाब दिला तर टोमॅटो चेपतो आणि सरकवला की निम्म्याहून कमी जोरात साल कापली जाते. धार सालीवरून आडवी घासत जाते तेव्हा कापायला लागणारा जोर झपाट्याने उतरतो. ब्रॉडहेडच्या निमुळतेपणाचं मर्म इथेच आहे. रुंदीच्या तिप्पट लांबीच्या पात्याची प्रत्येक धार बाणाच्या दिशेशी जेमतेम साडेनऊ अंशांचा कोन करते. त्यामुळे ती कातडीवर थेट आदळत नाही, तिच्यावरून सरकत जाते. लांबी रुंदीइतकीच असेल तर हाच कोन साडेसव्वीस अंशांवर जातो. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घेत का चढतो, याचं उत्तर ज्याला माहीत आहे त्याला यातला फायदा वेगळा सांगायला नको.

मग सगळेच लांब, अरुंद, दोन धारांचं पातं का घेत नाहीत? कारण दुकानात तीन पात्यांचं ब्रॉडहेड जास्त भयंकर दिसतं. हे मी थोडं चेष्टेने म्हणतोय, पण फार चेष्टेने नाही. हिशेब करून पाहू. २८ मिलिमीटर रुंदीचं दोन धारांचं पातं २८ मिलिमीटरची चीर पाडतं. तेवढ्याच व्यासाचं तीन पात्यांचं टोक तीन त्रिज्यांची, म्हणजे ४२ मिलिमीटरची चीर पाडतं. चीर दीडपट, म्हणून प्रत्येक सेंटिमीटर खोलीमागे काम ढोबळमानाने दीडपट. शिदोरी मात्र तेवढीच आहे, म्हणून खोली दोन तृतीयांशावर येते. गंमत अशी की खोली गुणिले चीर केली तर एकूण कापलेलं क्षेत्र दोन्हींचं सारखंच भरतं! मग निवड कशावर करायची? ते क्षेत्र कुठे खर्च होतं यावर. बाण छातीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला तर दोन्ही फुप्फुसं कापली जातात, दोन भोकं पडतात आणि खालच्या भोकातून पडणाऱ्या रक्तावरून जनावराचा माग काढता येतो. आतच अडकला तर रक्त छातीच्या पोकळीत साठतं आणि जमिनीवर काहीच दिसत नाही. उलट बाजूने हेही खरं की दोन धारांची सरळ चीर कातडी हलल्यावर मिटू शकते, तिकोनी जखम उघडी राहते. म्हणून ६० पौंडांचं धनुष्य सहज ओढणाऱ्याने तीन पाती लावली तर मला काही म्हणायचं नाही, त्याच्या गाठीला पैसे आहेत. ४०-४५ पौंडवाल्याने दोनच धारा घ्याव्यात. आदळल्यावर उघडणारी यांत्रिक पाती तर त्याने घेऊच नयेत, कारण ती उघडण्याचा खर्चही याच ४० ज्यूलमधून जातो.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पात्याची किमान रुंदी कायद्याने ७/८ इंच, म्हणजे २२ मिलिमीटर ठरवलेली आहे. त्याहून निमुळतं करण्याचा मोह तिथेच संपतो.

एड अॅशबी नावाच्या गृहस्थांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात ताज्या मारलेल्या मोठ्या जनावरांवर शेकडो बाण सोडून कुठला बाण किती आत जातो याच्या नोंदी केल्या. (प्रांताचं नाव खरोखरच आपल्या नाताळ सणावरून आलेलं आहे. पोर्तुगीजांनी तो किनारा ख्रिसमसच्या सुमारास पाहिला.) त्यांचा कल जड बाण, लांब-अरुंद पातं आणि एकाच बाजूने पाजळलेली धार यांच्याकडे गेला. जाड हाड फोडायचं तर बाण ६५० ग्रेनच्या वर हवा, हा त्यांचा निष्कर्ष अजून वादाचा विषय आहे. रानरेड्यासाठी तो मोलाचा आहे. हरणाच्या पातळ बरगड्यांसाठी तेवढं वजन लागत नाही, असं माझं मत. तरी जडपणाचा एक फायदा कोणीच नाकारत नाही. धनुष्याने साठवलेल्या ऊर्जेतला काही भाग त्याच्या वाकणाऱ्या दोन बाजू आणि दोरी यांना हलवण्यात वाया जातो आणि बाण जितका जड तितकी ही नासाडी कमी.

एका बाजूच्या धारेची गंमत सुताराला विचारा. पटाशी एकाच अंगाने पाजळलेली असते, म्हणून लाकडात सरळ ठोकली तरी ती एका बाजूला सरकते. ब्रॉडहेडच्या दोन धारा परस्परविरुद्ध अंगांनी पाजळलेल्या असल्या की एक धार वर सरकू पाहते आणि दुसरी खाली. पातं आत जाता जाता पिळतं. बरगडीत असं पिळलेलं पातं भोक पाडून थांबत नाही, हाडाला तडा देतं. मात्र हवेत बाण ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने त्याने पिळायला हवं. बाणाची पिसं टर्कीच्या किंवा हंसाच्या डाव्या पंखाची असतात किंवा उजव्या, कारण पिसाला जन्मजात बाक असतो आणि त्या बाकावरून बाण कुठल्या दिशेने फिरणार हे ठरतं. डाव्या पंखाची पिसं लावून उजव्या पिळाचं पातं बसवलं, तर फिरणारा बाण आत शिरताच आधी थांबतो, मग उलटा फिरू लागतो. या भांडणाचा खर्चही शिदोरीतूनच.

धारेबद्दल मात्र कोणाचंही दुमत नाही. रक्तवाहिनी रबरासारखी लवचिक आणि बुळबुळीत असते. बोथट पातं तिला बाजूला सारून पुढे जातं, धारदार पातं कापतं. ताणलेल्या रबरबँडवर धार हलकेच टेकवून हे घरी तपासता येतं: तो तुटला पाहिजे, नुसता दबून उपयोग नाही. शिवाय फाटलेल्या, चेचलेल्या जखमेत रक्त गोठण्याची यंत्रणा जास्त जोरात जागी होते. गुळगुळीत कापलेली जखम वाहत राहते. न्हाव्याकडे तुरटीचा खडा असतो तो याचसाठी. भात्यात एकमेकांवर घासून, दवात गंजून धार जाते, म्हणून नवंकोरं ब्रॉडहेडही पाजळल्याशिवाय वापरू नये.

या धारेच्या बाबतीत दगडाने पोलादाला कधीच हरवलंय. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात इशी नावाने पुढे प्रसिद्ध झालेला, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस डोंगरातून उतरून आला. तो काचेच्या बाटल्यांच्या तुकड्यांतून बाणाची टोकं घडवायचा. सॅक्स्टन पोप हे सर्जन त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. पोपनी नंतर हरणाच्या कातड्यामागे गाईगुरांचं यकृत ठेवून एकाच धनुष्याने पोलादी आणि ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखी काचेची टोकं मारून पाहिली. काच जास्त खोल गेली. काचेचा तुटलेला कडा काही नॅनोमीटर इतका बारीक असू शकतो. पण ती हाडावर आपटली की तिचा चुरा होतो आणि पोलाद टिकतं. १९५६ साली मिशिगनच्या फ्रेड बेअर यांच्या कंपनीने आणलेल्या ‘रेझरहेड’मध्ये दोन्ही गुण जुळवायचा प्रयत्न होता: मुख्य पातं मजबूत आणि त्यात आडवी सरकवायची, बदलता येणारी ब्लेडची पातळ पट्टी.

निवड झाली तरी एक कटकट उरते. पातं म्हणजे बाणाच्या नाकावर बसवलेले दोन छोटे पंख. ते जरा वाकडे बसले तर बाणाला पुढून वळवू लागतात आणि मागची पिसं त्याला सरळ ठेवायला धडपडतात. म्हणून लाकडी काडीवर गरम गोंदाने पातं चिकटवल्यावर बाण टोकावर उभा धरून भिंगरीसारखा फिरवून पाहायचा. सांधा थरथरला तर गोंद तापवायचा आणि पुन्हा बसवायचं. सरावाची टोकं १२५ ग्रेनची आणि शिकारीचं पातं २०० चं असंही चालत नाही. पुढचं वजन वाढलं की सुटताना काडी जास्त वाकते आणि बाण दुसरीकडेच जातो.

अंतराचं गणितही याच मंद बाणाने ठरतं. १८ मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज ०.०५ सेकंदात ऐकू येतो, बाण ०.३६ सेकंदात पोचतो. मधल्या ०.३ सेकंदात दचकलेलं हरीण पळण्याआधी पाय दुमडून खाली बसतं. दचकण्यात ०.१ सेकंद गेला असं धरलं, तरी गुरुत्वाकर्षण त्याला २० सेंटिमीटर खाली नेतं आणि बाण पाठीवरून निघून जातो.

४५ पौंडांसाठी माझी निवड सांगतो: १५० ते २०० ग्रेनचं, एकसंध पोलादाचं, दोन धारांचं, लांबी रुंदीच्या अडीच-तीन पट, टोकाला थोडं बोथट ठेवलेलं, म्हणजे हाडावर नोक वळणार नाही. एकूण बाण ५०० ते ५५० ग्रेन. आणि १५ मीटरच्या पुढे धनुष्य खांद्यालाच लटकलेलं राहू द्यावं.