थायरॉईड स्कॅनला जाताना जुनी फाईल सोबत न्या

पुण्यात ‘थायरॉईडचा स्कॅन’ म्हटलं की बऱ्याच जणांना गळ्याची सोनोग्राफीच वाटते. सोनोग्राफीत गाठ केवढी आहे, भरीव आहे की पाण्याची, ते कळतं. न्यूक्लिअर मेडिसिन विभागातला स्कॅन वेगळा. ग्रंथी काम किती करतेय, हे तो दाखवतो. त्यामुळे रक्तात नुसता टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारा हार्मोन) वाढलेला असेल तर सहसा त्याची गरजच पडत नाही. गोळी सुरू करायला रक्ताचा रिपोर्ट पुरतो.

टीएसएच खाली गेलाय, छातीत धडधडतंय, हात थरथरतात, वजन उतरतंय, अशा वेळी मात्र पेच पडतो. ग्रंथी खरोखरच जास्त हार्मोन बनवतेय, की सूज आल्यामुळे आधी साठवलेला हार्मोन गळतोय? लक्षणं सारखीच, उपचार मात्र वेगळे. ग्रेव्ह्ज आजारात, म्हणजे ग्रंथी खरोखर जास्त हार्मोन बनवत असते तेव्हा, स्कॅनमध्ये सगळी ग्रंथी ठळक उमटते. सुजेत ती जवळजवळ दिसतच नाही.

हे कसं कळतं? हार्मोन बनवण्यासाठी ग्रंथी रक्तातून आयोडीन ओढून घेते. स्कॅनसाठी शिरेतून टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ देतात. त्याचं परटेक्नेटेट हे रूप आकाराने आणि विद्युतभाराने आयोडाइडच्या (रक्तातल्या आयोडीनच्या) इतकं जवळचं असतं, की ग्रंथी फसते आणि तेही आत घेते. हे टेक्नेशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. विभागात ‘जनरेटर’ नावाचं छोटं उपकरण असतं, त्यात मॉलिब्डेनम-९९ असतं आणि त्याचंच हळूहळू टेक्नेशियम होतं. मॉलिब्डेनम निम्मं व्हायला ६६ तास लागतात. त्यातून रोज ताजं टेक्नेशियम काढतात.

“उपाशीपोटी यायचं का?” हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. या तपासणीला बहुतेक वेळा उपाशी राहावं लागत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत शरीरात काय गेलं, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही. समजा, साताऱ्याच्या एका काकांची पुण्यात अँजिओग्राफी झाली आणि पंधरवड्यात थायरॉईड स्कॅनही ठरला. अँजिओग्राफीच्या, तसंच अनेक सीटी स्कॅनच्या कॉन्ट्रास्टमध्ये (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेत देतात त्या औषधात) भरपूर आयोडीन असतं. ग्रंथी आधीच तुडुंब, ती टेक्नेशियम घेईलच कशाला? चित्र फिकं येतं आणि सूज नसताना सूज वाटू शकते. म्हणून अशा वेळी साधारण ४ ते ८ आठवडे थांबतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन हे आयोडीन असलेलं औषध चालू असेल तर परिणाम कित्येक महिने राहतो. वजन कमी करण्याच्या काही गोळ्यांत समुद्री शेवाळ असतं, तेही सांगावं. थायरॉक्सिन किंवा कार्बिमाझोल ही थायरॉईडची औषधं किती दिवस बंद ठेवायचं, ते डॉक्टरच ठरवतील. परस्पर बंद करू नका. घरचं आयोडीनयुक्त मीठ सहसा चालतं.

प्रत्यक्षात दंडाच्या शिरेत इंजेक्शन देतात, १५-२० मिनिटं बसवतात, मग खांद्याखाली उशी घालून मान मागे करून झोपवतात. कॅमेरा गळ्याच्या अगदी जवळ येतो. त्यातून किरण निघत नाहीत. तुमच्या गळ्यातून येणारे तो टिपतो. फोटो चालू असताना गिळू नका, बोलू नका. आधी घोटभर पाणी देतात, कारण टेक्नेशियम लाळेतही उतरतं आणि अन्ननलिकेत राहिलेली लाळ गाठीसारखी दिसू शकते. चित्रात जबड्याजवळ ठिपके दिसले तर घाबरू नका. त्या लाळग्रंथी आहेत.

या तपासणीतून शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग साधारण १ ते ३ मिलिसिव्हर्ट (हे त्याचं माप). निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतो. “मग नातवाला जवळ घेऊ नको का?” असं आजी विचारतातच. घ्या की, फक्त त्या दिवशी तासन्तास मांडीवर नको. पाणी भरपूर प्या. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी इंजेक्शनच्या आधी सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध किती तास द्यायचं नाही, ते विचारून घ्यावं. टेक्नेशियमऐवजी आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी आयोडीन देणार असतील तर स्तनपान थांबवावंच लागतं.

रिपोर्टात ‘कोल्ड नोड्यूल’ वाचून घरात रडारड होते. त्याचा अर्थ एवढाच, की ती गाठ टेक्नेशियम घेत नाही. अशा बहुतेक गाठी साध्याच निघतात; सोनोग्राफी पाहून, गरज वाटली तर सुईने तपासतात.