नील गाऊचा विलाप

स्कॉटलंडच्या फिडलवादनातील एक संथ शोकधून. 'नील गाऊने आपल्या दुसऱ्या पत्नीच्या मृत्यूवर केलेला विलाप' असे तिचे पूर्ण नाव आहे. फिडल म्हणजे व्हायोलिनच; लोकसंगीत वाजवताना त्याला तिकडे फिडल म्हणतात. धुनेला शब्द नाहीत, त्यामुळे ती कोणासाठी आहे हे नावच सांगते.

नील गाऊ (१७२७–१८०७) हा पर्थशर परगण्यातला. आयुष्यभर तो डंकेल्डजवळच्या इन्व्हर या खेड्यात राहिला. धंदा विणकराचा शिकला, पण मन फिडलमध्ये रमले. तरुणपणी त्याने एक स्पर्धा जिंकली. परीक्षक अंध होता, आणि 'शंभर वादकांतूनही याचा गज मी ओळखीन' असे तो म्हणाल्याचे सांगतात. गज खालून वर ओढतानाचा गाऊचा जोर प्रसिद्धच होता. ॲथॉलच्या ड्यूकांचा त्याला आश्रय मिळाला, मोठमोठ्या घरांतल्या नृत्यांना त्याचीच साथ असे. १७८७ मध्ये कवी रॉबर्ट बर्न्स त्याला भेटून गेला. चित्रकार हेन्री रेबर्नने काढलेल्या त्याच्या चित्रात मांडीवर चौकड्यांची तोकडी विजार आणि हनुवटीखाली फिडल दिसते.

पहिली पत्नी मार्गारेट वाइजमन हिच्यापासून त्याला मुले झाली. ती गेल्यावर १७६८ मध्ये त्याने पर्थच्या मार्गारेट अर्कर्टशी लग्न केले. हा संसार तीस वर्षांहून अधिक टिकला. १८०५ मध्ये ती वारली तेव्हा गाऊ सत्तरी केव्हाच ओलांडून गेला होता. पुढे दोनच वर्षांत तोही गेला. धून या मधल्या काळातली. त्याचा मुलगा नॅथॅनिएल एडिंबरात संगीताचा प्रकाशक होता. गाऊ घराण्याच्या धुनांचा पाचवा संग्रह १८०९ मध्ये निघाला, त्यात ती छापली गेली.

गाऊची ख्याती मुख्यतः स्ट्रॅथस्पे आणि रील या नाचाच्या प्रकारांसाठी. त्याच हाताने हा विलाप रचला, हे ऐकताना पटकन खरे वाटत नाही. त्याहून लक्षात राहते ती स्वररचना. शोकधून असूनही ती मेजर स्केलमध्ये आहे. आपल्या परिभाषेत बिलावल थाटाच्या जवळची, सगळे स्वर शुद्ध. पहिला भाग खालच्या सप्तकात सावकाश चालतो, दुसरा वर चढतो आणि तिथून पुन्हा खाली उतरतो. आक्रोश कुठेच नाही. दीर्घ सहवासाबद्दलची कृतज्ञता मात्र भरपूर आहे, आणि माझ्या मते धुनेचे मोठेपण तिथेच आहे. नवशिक्या वादकाला स्वर सहज सापडतात, पण लय न ओढता गज इतका सावकाश चालवणे फार कठीण.

आजही ही धून मैफलींत आणि अंत्यविधींच्या वेळी वाजते. पियानो, गिटार, हार्प यांवरही ती बसवली गेली आहे. गाऊचे फिडल ब्लेअर किल्ल्यात जपलेले आहे. इन्व्हरजवळ टे नदीकाठी एक जुना ओक वृक्ष आहे. त्याखाली बसून तो धुना रचत असे, असे गावकरी सांगत आले आहेत.