मेश वाय-फायला तारेची जोड

नागपुरातील दुमजली घरांत फायबरचा मोडेम बहुधा तळमजल्यावरच्या बैठकीत बसवला जातो आणि वरच्या मजल्यावरील मागच्या खोलीत वाय-फाय रखडते. २.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झ लहरींची सुमारे ६ सेंटिमीटर. या दुसऱ्या लहरी माहिती अधिक वेगाने वाहून नेतात. मात्र विटांच्या भिंतीत आणि सळ्यांच्या स्लॅबमध्ये त्या लवकर क्षीण होतात. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेल्या कूलरचा पत्रा लहरी परतवतो आणि टाकीतले पाणी त्या शोषून घेते, त्यामुळे राउटर कूलरच्या आड ठेवणे टाळलेलेच बरे.

यावर उपाय म्हणून मेश संच घेतला जातो. त्यातील दोन-तीन नोड, म्हणजे वाय-फाय पसरवणारी छोटी उपकरणे, घरभर एकाच नावाचे जाळे उभे करतात. परंतु दुसऱ्या नोडला माहिती पहिल्याकडूनच मिळवायची असते. दोन लहरी-पट्ट्यांच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) साध्या संचात हा आपापसातील व्यवहार आणि फोनशी होणारा व्यवहार बहुधा एकाच वाहिनीवर चालतो. तोच मजकूर हवेतून दोनदा पाठवावा लागल्याने वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. तीन पट्ट्यांच्या महागड्या संचात नोडांमधील दुव्यासाठी वेगळी पट्टी राखता येते, तरी स्लॅब मध्ये असतोच. नोड तारेने जोडले की हवा केवळ फोन आणि लॅपटॉपसाठी मोकळी राहते. म्हणून माझ्या मते आणखी एक नोड विकत घेण्यापेक्षा आधी तार ओढावी.

त्यासाठी कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल घ्यावी; ती १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. तिच्यातील आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी पेटंट केली होती. बाहेरचा विद्युत-गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांत जवळपास सारखाच शिरतो आणि ग्राहक-यंत्र दोन्ही तारांतील केवळ फरक वाचत असल्याने तो गोंगाट वजा होतो. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही मिळते. तिचा रोध जास्त असतो आणि ती वाकवताना लवकर तुटते, म्हणून शुद्ध तांब्याचीच मागावी. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ही केबल नेऊ नये. तिला स्वतंत्र पाइप किंवा भिंतीवरची केसिंग-पट्टी द्यावी.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोडेम, मग मुख्य नोड, त्यानंतर स्विच (एका नेटवर्क केबलच्या अनेक जोडण्या करून देणारी पेटी) आणि स्विचमधून उरलेले नोड. स्विच मुख्य नोडच्या आधी, थेट मोडेमला लावल्यास इतर नोड मुख्य नोडला वळसा घालून मोडेमशी बोलू लागतात आणि जाळे बिघडते. मोडेम स्वतःच राउटरचे काम करत असेल, तर त्याला ब्रिज पद्धतीवर (तो केवळ माहिती पुढे सरकवतो) किंवा मेश संचाला ॲक्सेस पॉइंट पद्धतीवर (तो केवळ वाय-फाय पसरवतो) ठेवावे, अन्यथा उपकरणांच्या इंटरनेट-पत्त्यांचे भाषांतर दोनदा होऊन काही ऑनलाइन खेळ आणि कॅमेरे अडतात.

सारे जोडल्यावर वरच्या मजल्यावर वेग मोजावा. तो सेकंदाला सुमारे ९५ मेगाबिटवरच अडकत असेल, तर बहुधा तारांची एखादी जोडी क्रिंपिंगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, सुटलेली असते, कारण १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. स्विच किंवा नोडचा पोर्टच १०० मेगाबिटचा नाही ना, हेही पाहावे. अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत जोडणी न्यायची असल्यास मात्र तांबे टाळून फायबर टाकावे: मॉन्सूनपूर्व वादळात जवळपास वीज पडली, तर तांब्याच्या लांब तारेत निर्माण होणारा विद्युतदाब दोन्ही टोकांची उपकरणे जाळू शकतो.