‘होम अलोन’: इस्त्री कोणत्या भागात आणि विटा कोणत्या?

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरात नाताळ कधी साजरा झाला नाही. पण डिसेंबरात टीव्हीवर ‘होम अलोन’, म्हणजे नाताळात घरी एकटा राहिलेला केविन नावाचा मुलगा चोरांना हुसकावतो तो इंग्रजी चित्रपट, लागला की लहानथोर सगळे समोर येऊन बसतात आणि तोच जुना वाद नव्याने सुरू होतो: चोराच्या तोंडावर इस्त्री आदळते ती पहिल्या भागात की दुसऱ्या? इस्त्री पहिल्या भागातील आहे. गच्चीवरून एकामागून एक विटा येतात त्या दुसऱ्या भागातील.

हा घोटाळा होणे साहजिक आहे. पहिला भाग १९९० चा, दुसरा १९९२ चा. दोन्हींचे दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, लेखक जॉन ह्यूज, केविन झालेला मॅकॉले कल्किन तोच आणि जो पेशी व डॅनियल स्टर्न हे चोरही तेच. शिवाय दुसऱ्याची कथा पहिल्याच्याच साच्यातून काढली आहे. आधी ज्याची भीती वाटते ते माणूस शेवटी केविनला वाचवते: पहिल्यात शेजारचे म्हातारबा फावडे घेऊन, दुसऱ्यात सेंट्रल पार्कमधील कबुतरांना दाणे टाकणारी बाई.

फरक आहे तो मुलगा मागे का राहतो, यात. पहिल्या भागात रात्री वाऱ्याने वीज जाते, गजर वाजत नाही, पॅरिसला निघण्याची धांदल उडते आणि डोकी मोजताना शेजारचा मुलगा घरातला म्हणून मोजला जातो. भरल्या घरातील माणसे टेंपोत बसवून नरसोबाच्या वाडीला ज्यांनी नेली आहेत, त्यांना यात अतर्क्य असे काहीच वाटणार नाही. आमची आत्या डोकी दोनदा मोजते ती उगीच नव्हे. दुसऱ्या भागात केविन विमानतळावर वडिलांसारखाच कोट घातलेल्या भलत्याच माणसामागे जाऊन न्यू यॉर्कच्या विमानात बसतो. एकाच कुटुंबावर हा प्रसंग दुसऱ्यांदा ओढवतो, तेव्हा आपण हसतो खरे, पण चुकचुकत नाही.

याहून मोठा फरक घराचा आहे. पहिल्या भागात चोर केविनच्या घरावर चालून येतात, आणि तो त्यांना अडवतो ते घरातल्याच वस्तूंनी: जिन्यावरून सोडलेले रंगाचे डबे, जमिनीवर पसरलेल्या खेळण्यातल्या गाड्या, खिडकीखाली अंथरलेले शोभेचे काचेचे गोळे. चोराचे बूट तळघराच्या पायऱ्यांवरील डांबरात आधीच अडकून राहिले आहेत, हे आपण पाहिलेले असते. म्हणून तो अनवाणी त्या गोळ्यांवर उतरतो, तेव्हा त्याच्या आधी आपलेच पाय आखडतात. दुसऱ्या भागात मुलांच्या इस्पितळासाठी जमलेला पैसा वाचवायचा, हे कारण चांगले असले, तरी केविन चोरांना डिवचून काकाच्या रिकाम्या, दुरुस्तीला काढलेल्या घरात ओढून आणतो. राखणदाराचा तो शिकारी होतो, आणि विटांचा मार मला विनोदापेक्षा क्रूर वाटू लागतो. पहिला भाग वारंवार पाहवतो तो याच कारणाने.

दुसऱ्यातील प्लाझा हॉटेलचे प्रसंग मात्र मला फार आवडतात, विशेषतः जुन्या गुंडपटाचा आवाज लावून केविन तिथल्या कर्मचाऱ्यांना पळवून लावतो तो. असाच गुंडपट पहिल्या भागातही आहे. तो खरोखरीचा जुना चित्रपट नसून मुद्दाम चित्रित केलेला तुकडा आहे, हे आमच्या आत्याला अजूनही पटलेले नाही.