पेरूची जेली (बेळगाव सीमाभाग)

पाडाला आलेल्या पेरूचा शिजवून गाळलेला रस साखर आणि लिंबू घालून आटवल्यावर तयार होणारा पारदर्शक, तांबूस पदार्थ. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्या मराठी घरांच्या परसात पेरू आहे, तिथे दिवाळीच्या आगेमागे जेलीचा घाट घातला जातो. पाकिटातल्या रंगीत जेलीशी तिचे नाते नावापुरतेच. ती जिलेटिन किंवा चायना ग्रासच्या जोरावर गोठते, ही फळातल्याच पेक्टिनवर, म्हणजे रस गोठवणाऱ्या नैसर्गिक घटकावर. जॅममध्ये गर असतो, जेलीत फक्त रस.

पेरूला वर्षात तीन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, येतात. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात मिळतात, पण ती पाणचट आणि फळमाशीने पोखरलेली निघतात. जेलीसाठी मृग बहाराचे, थंडीच्या सुरुवातीला येणारे फळच धरावे. पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९२७ साली निवडलेला सरदार (लखनौ-४९) हा वाणही चालतो. पिवळाधमक मऊ पेरू मात्र खाऊन टाकावा. फळ पिकत जाते तसे पेक्टिन विरघळून दुबळे होते, म्हणून फोडी टणक, हिरवट फळाच्या घेतात आणि वासापुरते दोन-तीन पिके पेरू घालतात.

फोडी बुडतील इतके पाणी आणि थोडा लिंबाचा रस घालून अर्धा तास शिजवतात. मग सारे धुवट मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवतात. पुरचुंडी पिळायची नाही. घाईने पिळले की गराचे कण उतरतात आणि जेली गढूळ होते. सकाळी पातेल्यात जमलेला रस दाट असेल तर त्याच्याइतकी, पातळ असेल तर पाऊणपट साखर घालतात. साखर कमी पडली तर जेली धरत नाही आणि टिकतही नाही. बाजारात विकायच्या जेलीत विद्राव्य घन पदार्थ (विरघळलेले घटक, मुख्यतः साखर) किमान ६५ टक्के असावे लागतात, तो नियम याच कारणाने आहे.

पुढचे काम मोठ्या आचेवर आणि झटपट करायचे असते. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलेल्या रसातले पेक्टिन तुटते आणि हाती सरबत उरते. पुस्तकांत १०५ अंश सेल्सिअस हा बिंदू दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणीच ९७-९८ अंशांना उकळते, त्यामुळे जेली साधारण १०२-१०३ अंशांवर तयार होते. पुस्तकावर भरवसा ठेवून १०५ गाठणाऱ्याच्या बरणीत चिवट, करपट वासाचा गोळा बसतो. घरोघरी थर्मामीटर नसतोच. पळी आडवी धरली की आधी थेंब सुटे-सुटे गळतात, मग दोन थेंब काठावर एकमेकांत मिसळून पापुद्र्यासारखे खाली सुटतात. तो क्षण आला की आच बंद. खात्री हवी असेल तर गार बशीत थेंब टाकून बोटाने सरकवून पाहावा, सुरकुती पडली म्हणजे जमली. फेस काढून जेली गरम असतानाच कोरड्या, तापवलेल्या काचेच्या बरणीत भरतात आणि गोठेपर्यंत बरणी हलवत नाहीत.

जेली न धरल्यास बहुधा आंबटपणा कमी पडलेला असतो. लिंबू पिळून पुन्हा दोन-चार मिनिटे उकळल्यास बरेचदा निभावते. आंबट जास्त झाले तर जेलीला पाणी सुटते, साखर जास्त झाली तर खडे धरतात.

फडक्यात उरलेला गर टाकून देणे हा निव्वळ अपव्यय. चाळणीवर घासून बिया काढल्या आणि साखर-तुपावर घोटून ताटात थापला की त्याच्या वड्या होतात. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोव्यात याच जातीचा पदार्थ पेराद म्हणून नाताळच्या फराळात मिळतो. रस आधीच निथळून गेल्यामुळे जेलीमागच्या वड्यांना तेवढा वास राहत नाही, पण मुलांची त्याबद्दल तक्रार नसते.

खानापूरकडच्या रानातली करवंदेही जेलीला उत्तम, पण ती उन्हाळ्यात येतात. थंडीतला आवळा आंबट आणि पेक्टिनयुक्त असला तरी तुरट असल्याने पेरूच्या रसात थोडाच मिसळावा. तेवढ्याने लिंबाची गरज कमी होते.