गर्दी हलली की कॅमेरा?

दादरच्या पुलावरच्या धूसर गर्दीचे फोटो हल्ली खूप दिसतात आणि सगळ्यांना सरसकट ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्ट्रीट’ म्हटलं जातं. त्यात दोन वेगळी तंत्रं मिसळलेली असतात. एकात कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, शटर सेकंदभर उघडं, आणि हलतात ती माणसं. दुसऱ्यात शटर उघडं असताना छायाचित्रकार मुद्दाम कॅमेराच फिरवतो. ओळखायचं असेल तर माणसांकडे नको, पुलाच्या कठड्याकडे बघा. कठडा रेखीव आणि माणसं धुरासारखी असतील तर पहिलं; कठड्याचेच फराटे उठले असतील तर दुसरं.

पहिल्यासाठी रशियन छायाचित्रकार अलेक्सेई तितारेंको पाहावेत. जन्म १९६२, लेनिनग्राड (आताचं सेंट पीटर्सबर्ग). सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या ओढगस्तीत त्यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘सिटी ऑफ शॅडोज’ ही कृष्णधवल मालिका केली. मेट्रो स्थानकाच्या जिन्यावर लोटलेल्या गर्दीचे चेहरे त्यात विरघळून गेलेत, पण कठड्यावरचे काही हात तेवढे उरलेत. हात क्षणभर टेकला, डोकं थांबलं नाही, म्हणून. शहर जागच्या जागी आणि माणूस पुसला गेलेला, हे त्या काळाबद्दल बरंच काही सांगतं.

दुसऱ्यासाठी छायाचित्रकार एर्न्स्ट हास (१९२१–१९८६); त्यांची वाट निराळी. व्हिएन्नातून ते १९५१ मध्ये न्यूयॉर्कला आले. दोन वर्षांत ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्यांचं रंगीत न्यूयॉर्क छापलं. तेव्हाच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता (आजच्या भाषेत आयएसओ) जेमतेम १०, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवणं आलंच. या अडचणीलाच त्यांनी कामाला जुंपलं. १९५६ च्या सुमारास स्पेनमध्ये काढलेल्या बुलफाइटच्या फोटोंत बैल आणि माणूस रंगांचे लोट होऊन जातात. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या रंगीत कामाचं प्रदर्शन भरवलं. (धावत्या टॅक्सीबरोबर कॅमेरा वळवून टॅक्सी स्पष्ट ठेवायची, ते पॅनिंग. तोही कॅमेरा हलवण्याचाच प्रकार, पण त्यात विषय वाचतो.)

मुंबईत करायचं तर उजेडाचं गणित आधी. कडक उन्हात आयएसओ १००, एफ १६ ला (म्हणजे भिंगाचं छिद्र लहान ठेवून) शटर १/१०० सेकंदाच्या आसपास येतं; सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारी काळपट काच, लावला तर अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर. जुलैत आभाळ काळवंडलं की एफ २२ ला १/८ सेकंद फिल्टरशिवायही मिळतो, आणि कॅमेरा फिरवायला तेवढा पुरतो. स्थिर कॅमेऱ्याची अडचण वेगळीच: खालून लोकल गेली की पूलच थरथरतो आणि कठडाही धूसर होतो. शिवाय स्थानकात ट्रायपॉड उभा केलात की आरपीएफवाले येऊन विचारणारच.

मला विचाराल तर कॅमेरा हलवणं जास्त अवघड. फसलेला फोटो नुसता हात हलल्यासारखा दिसतो, म्हणून दिशा आधी ठरवावी लागते: खांब उभे असतील तर वरून खाली, रूळ असतील तर रुळांच्या ओढीने. दादरच्या फुलबाजारात झेंडूचा रंग हवा असेल तर खुशाल हलवा. सीएसएमटीच्या कमानी ओळखू यायला हव्या असतील, तर कॅमेरा एखाद्या खांबाला टेकवा आणि श्वास रोखून धरा.